‘अस्सल आफ्रिकन’ म्हणजे काय रे भाऊ?

साळुंकी

गेल्या महिन्यात आई सांगलीहून लंडनला आली होती. राजवाडा, घड्याळ, पूल हे सगळं दोन दिवसांत उरकलं, म्हणून तिसऱ्या दिवशी तिला ग्रिनिचला नेलं. तिथल्या सागरी संग्रहालयाबाहेर एक अवाढव्य बाटली आडवी ठेवली आहे. बुचाला लाखेची मोहर वगैरे. आत जहाज आहे, नेल्सनचं ‘व्हिक्टरी’, ज्याच्यावर तो ट्राफल्गरच्या लढाईत मेला. जहाज हुबेहूब आहे, पण त्याची ३७ शिडं भडक नक्षीची. आपल्याकडे लग्नाच्या मांडवाला लावतात तसली. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, “आई, हे आफ्रिकन कापड आहे बरं का.” आई काचेला नाक लावून म्हणाली, “आफ्रिकन कसलं? बाटिक आहे हे.”

आईने ऐंशीच्या दशकात बाटिकचा, म्हणजे मेण लावून कापड रंगवण्याचा, क्लास केला होता. तेव्हा गल्लीतल्या सगळ्याच बायकांनी केला होता. तिचे दोन अभ्रे अजून आमच्या दिवाणावर आहेत. त्यामुळे मी गप्प बसले, घरी येऊन वाचायला घेतलं, आणि बाई बरोबर निघाल्या.

ते जहाज यिंका शोनिबारेचं. जन्म १९६२, लंडन. आईवडील नायजेरियाचे. तीन वर्षांचा असताना कुटुंब लागोसला परतलं आणि तो शिकायला पुन्हा इंग्लंडमध्ये आला. कॉलेजात असताना तो सोव्हिएत रशियातल्या पेरेस्त्रोइकावर, म्हणजे गोर्बाचेवच्या सुधारणांवर, काहीतरी करत होता. एका शिक्षकांनी विचारलं, तू अस्सल आफ्रिकन कला का करत नाहीस? पोरगा घरी योरुबा बोलणारा, बाहेर इंग्रजी, टीव्हीवर अमेरिकन मालिका. अस्सल आफ्रिकन म्हणजे नक्की कुठलं? तो लंडनमधल्या ब्रिक्स्टनच्या बाजारात गेला, ‘आफ्रिकन’ कापड बघायला लागला, आणि त्याला कळलं की हे कापड मुळात जाव्याच्या बाटिकची नक्कल. एकोणिसाव्या शतकात डच लोकांनी ते यंत्रावर छापून इंडोनेशियात विकायचं ठरवलं. तिथे ते फारसं चाललं नाही, कारण यंत्रावरच्या मेणाला तडे जायचे आणि नक्षीत रेघा उमटायच्या. जाव्याच्या कारागिराच्या लेखी ती चूक. तेच कापड पश्चिम आफ्रिकेत गेलं आणि तिथल्या बायकांनी उचलून धरलं. रेघांसकट.

त्यानंतर शोनिबारेने हेच कापड धरलं ते धरलंच. युरोपातल्या सरदार-उमरावांचे झगे आणि कोट तो याच कापडाचे शिवतो आणि बिनमुंडक्याच्या पुतळ्यांना घालतो. २००३ सालचं एक काम आहे, ‘स्क्रँबल फॉर आफ्रिका’. लांब टेबलाभोवती १४ पुतळे, एकालाही डोकं नाही, टेबलावर आफ्रिकेचा नकाशा. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत आफ्रिकेची वाटणी ठरली, तिथेही १४ देश होते. हातवारे मात्र अगदी आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेसारखे.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन ब्रिक्स्टनला गेले. तिने कापड हातात घेतल्याबरोबर उलटं केलं. दोन्ही बाजूंना रंग सारखाच. “हे खरं मेणातलं. स्वस्तातलं एकाच बाजूला छापतात.” मग काठ बघितला. काठावर फ्रेंचमध्ये छापलंय: ‘अस्सल हॉलंडचं वॅक्स’. अस्सल!

तर मंडळी, आफ्रिकन किंवा आफ्रिकन मुळाच्या कलाकारांचं काम कुणी बघितलंय का? मी या विषयात अगदीच नवखी आहे, भर घाला.

अरसिक_अण्णा

छान लिहिलंय, आई आवडल्या. पण मला एक कळत नाही. चित्रकार आफ्रिकेतला असला की त्याने ‘मी कोण, कुठला’ या ओळखीवरच काम करायचं, असा काही कायदा आहे का? फ्रेंच माणसाने सफरचंद काढलं तर ते सफरचंद. यांनी काढलं की वसाहतवाद.

लागोसवाला

आयला, माझ्या रोजच्या रस्त्यावरचा विषय. नऊ वर्षं इथे आहे म्हणून चार ओळी.

इथे याला आंकारा म्हणतात. सहा वारांची घडी असते, त्याच हिशोबात विकतात. बालोगुन बाजारात गेलात तर गठ्ठे डोक्याच्या वर. हॉलंडचं महाग, चिनी स्वस्त, आणि चिनी मालाच्या काठावरही हॉलंडचीच अक्षरं. लग्न असलं की घरचे एक कापड ठरवतात, त्याला ‘असो एबी’ म्हणतात. नातेवाईक, मित्र, ऑफिसातले सगळे तेच कापड विकत घेऊन आपापल्या शिंप्याकडे आपापल्या फॅशनचं शिवतात. माझ्याकडे आता असे अकरा कुर्ते आहेत. प्रत्येक कुर्ता म्हणजे एक लग्न. कपाट उघडलं की आहेराची वहीच.

नक्षीला नावंही असतात, आणि ती कंपनीने नाही, विकणाऱ्या बायकांनी ठेवलेली. शेजारच्या टोगोमध्ये, लोमे शहरात, या कापडाच्या व्यापारणी इतक्या गबर झाल्या की त्यांना ‘नाना बेंझ’ म्हणत, कारण मर्सिडीजमधून फिरायच्या. म्हणजे नक्षी हॉलंडमध्ये छापली जायची, पण काय चालणार आणि त्याचा अर्थ काय हे या बायका ठरवायच्या.

आमच्या ऑफिसातल्या एका बाईंना मी एकदा शहाणपणा करून सांगितलं, हे कापड मूळचं तुमचं नाही. त्या म्हणाल्या, “माझ्या आजीला यातच गुंडाळून पुरलं. मग कुणाचं?” मी चहा आणायला गेलो.

आणि आता खास तुमच्यासाठी. नायजर नदीच्या मुखाशी कलाबारी नावाचे लोक राहतात. त्यांचं सगळ्यात मानाचं, परंपरेचं कापड कुठलं? मद्रासी चौकडा. आपला, भारतातला. त्यातले काही धागे बायका ब्लेडने एकेक करून कापून उपसतात आणि उरलेल्या विणीतून नवी नक्षी काढतात. त्याला ‘पेलेते बिते’ म्हणतात. धागा घालून नाही, काढून. चेन्नईच्या विणकराला दाखवलं तर तो म्हणेल, माल खराब केला.

साळुंकी

@लागोसवाला, अकरा कुर्त्यांचा फोटो पाहिजे. आईला “ब्लेडने धागे काढतात” वाचून दाखवलं. ती म्हणतेय हे अगदी किचकट काम, चष्म्याशिवाय होणार नाही.

मेघदूत_२

वाचनखूण साठवली. एल अनात्सुईबद्दल कुणी लिहा ना. बाटल्यांची झाकणं वापरतो तो.

चित्रकथी

लिहितो. शाळेत चित्रकला शिकवत होतो, त्यामुळे लांबण लागेल.

अनात्सुई १९४४ सालचा, घानाचा. वडील केंटे, म्हणजे तिथलं हातमागाचं पारंपरिक कापड, विणणारे. पण हा नोकरीला गेला नायजेरियात, न्सुक्काच्या विद्यापीठात, १९७५ मध्ये, आणि जन्मभर तिथेच शिल्पकला शिकवली. म्हणजे आफ्रिकेतल्या आफ्रिकेतच परगावी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्याला दारूच्या बाटल्यांच्या झाकणांनी भरलेली एक पिशवी रस्त्याकडेला सापडली. कामाला लावायला काही वेळ गेला. मग त्याने झाकणं ठोकून सपाट केली, काहींच्या घड्या घातल्या, काहींच्या गळ्याच्या पट्ट्या पिळल्या, आणि तांब्याच्या तारेने एकमेकांना बांधली. हजारो. लांबून बघाल तर सोन्याचा शेला भिंतीवरून ओघळतोय. जवळ जाल तर व्हिस्की, रम, जिनची नावं.

आता दारूच का? कारण युरोपातून जहाजं दारू घेऊन यायची आणि माणसं घेऊन जायची. त्याने हे कधी ओरडून सांगितलं नाही, झाकणावर लिहिलेलं आहेच. २०१५ मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनात, त्याला जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. २०२३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नच्या टर्बाइन हॉलमध्ये अशीच प्रचंड कापडं लटकली होती.

मला त्यातली सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे ते कसं लावायचं हे तो सांगत नाही. घडी घालून पेटीत भरून पाठवतो. संग्रहालयातल्या लोकांनी ठरवायचं, चुण्या कुठे पाडायच्या, खाली किती लोळवायचं. त्यामुळे एकच काम दर ठिकाणी वेगळं दिसतं. नेसणारीवर सोडलेली साडी म्हणा ना.

अरसिक_अण्णा

झाकणं आवडली. मान्य. पण माझा प्रश्न तिथेच आहे. आपल्या चित्रकार गायतोंड्यांना कुणी विचारलं का, तुमच्या चित्रात भारत कुठाय? ओळख विकायला काढली की भाव येतो, हा बाजाराचा खेळ आहे. भाव काय आहेत बघा जरा.

चित्रकथी

अण्णा, विचारलं ना. भारताबाहेर गायतोंड्यांबद्दल लिहायला बसलं की झेन आणि ध्यान आल्याशिवाय राहत नाही. पूर्वेचा माणूस नुसता रंग लावत बसला होता, हे पचत नाही.

तुमच्याच बाजूचा एक माणूस देतो. फ्रँक बोलिंग, जन्म १९३४, तेव्हाचं ब्रिटिश गयाना. तरुणपणी लंडनला आला, मग न्यूयॉर्कला गेला. काळ्या चित्रकाराने फक्त काळ्यांचे प्रश्न रंगवावेत या अपेक्षेशी तो साठ-सत्तरच्या दशकात भांडला, लेख लिहून भांडला. म्हणाला अमूर्त चित्र हा माझाही हक्क आहे. आणि गंमत बघा, त्याच काळात त्याने मोठमोठ्या कॅनव्हासवर रंग ओतले आणि त्या रंगाच्या पुरात आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे नकाशे पुसटसे ठेवले. एकाचं नाव ‘मिडल पॅसेज’, म्हणजे गुलामांच्या जहाजांची अटलांटिकवरची वाट. आफ्रिका लाल-पिवळ्यात विरघळतेय. हे ओळखीचं चित्र की रंगाचं? मी तरी ठरवू शकलेलो नाही. टेट ब्रिटनने त्याचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं २०१९ मध्ये, तेव्हा तो ८५ चा होता. भाव यायला एवढा वेळ लागणार असेल तर फार वाईट धंदा म्हणायचा.

जर्सीकर

भावाबद्दल: न्जिडेका अकुन्यिली क्रॉस्बीचं एक चित्र २०१७ मध्ये लंडनच्या लिलावात ३० लाख डॉलरच्या वर गेलं. तेव्हा ती पस्तिशीचीही नव्हती. पण लिलावात विकणारा संग्राहक असतो, अण्णा. फुगा फुगला की फुटतो आणि लोक नावं ठेवतात चित्रकाराला.

तिच्याबद्दल सांगतोच. जन्म एनुगू, नायजेरिया, १९८३. किशोरवयात अमेरिकेत आली, लग्न इथल्याच गोऱ्या मुलाशी. चित्रं घरातली. सोफा, खिडकी, जेवणाचं टेबल, दोघं बसलेली. जवळ गेलं की भिंत, फरशी, झाडाची पानं ही सगळी छोट्या छोट्या फोटोंनी भरलेली दिसतात: नायजेरियन मासिकांतली पानं, घरचा अल्बम, गायक, पुढारी. छापील फोटो अॅसिटोनने पुसटसे कागदावर उतरवते. नेलपॉलिश काढायचं तेच अॅसिटोन. लांबून ते नुसतं घर, जवळून आठवणींची वाळवी लागल्यासारखं.

एका चित्राचं नाव आहे ‘टी टाइम इन न्यू हेवन, एनुगू’. न्यू हेवन अमेरिकेत, जिथे ती शिकली. एनुगू नायजेरियात. अमेरिकन पत्त्यात स्वल्पविरामानंतर राज्य येतं, तिने तिथे जन्मगाव टाकलंय. मी हे नाव वाचलं आणि आमच्या न्यू जर्सीतल्या, एडिसनच्या ओट्याकडे बघितलं. दाण्याचं कूट कॉस्टकोच्या बरणीत, लोणचं पीनट बटरच्या बरणीत, आणि चहाचा डबा आजीचा, ज्याच्यावरचं गिरणीचं चित्र आता पुसत आलंय. एडिसन, मिरज. एवढं सोपं होतं आणि आपल्यापैकी कुणाला सुचलं नाही.

मुळशीची_मावशी

लोणचं पीनट बटरच्या बरणीत टिकतं का? तेलाचा थर वर ठेवा हो.

खडकीकर

इतके प्रतिसाद झाले आणि आमचा माणूस अजून आला नाही, म्हणून लिहितोय.

सेनेगलच्या डाकारमधला ओमर व्हिक्टर डिओप, जन्म १९८०, फोटोग्राफर. २०१४ मध्ये त्याने ‘डायस्पोरा’ नावाची मालिका केली. आफ्रिकेतून बाहेर नेलेली किंवा गेलेली, आणि तिथे नाव काढलेली माणसं तो स्वतः झाला. जुन्या तैलचित्रांतल्यासारखा पोशाख, तशीच उभं राहण्याची ढब, मागे रंगीत पडदा. आणि मध्येच फुटबॉलचं काहीतरी: चेंडू, गोलकीपरचे हातमोजे, शिट्टी. त्याचं म्हणणं असं, की युरोपातला आफ्रिकन फुटबॉलपटू गोल मारला की डोक्यावर, आणि हरला की त्याला त्याचा रंग ऐकवायचा. जुन्या काळच्या या लोकांची गत तीच.

या मालिकेत फ्रेंच क्रांतीतला जाँ-बाप्टिस्ट बेले आहे, अमेरिकेतला गुलामगिरीविरोधी नेता फ्रेडरिक डग्लस आहे, आणि आहे आपला मलिक अंबर. होय, खडकीवाला (पुण्याची नव्हे, खडकी म्हणजे जुनं औरंगाबाद). इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून बगदादमार्गे दख्खनेत विकला गेलेला, निजामशाहीचा वजीर झालेला, जहांगीरला आयुष्यभर जेरीस आणणारा. जहांगीराने तर दरबारी चित्रकाराकडून अंबरच्या तुटक्या मुंडक्यावर आपण बाण मारतोय असं चित्र काढून घेतलं. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याला कधी मिळालं नाही. अंबर १६२६ मध्ये ऐंशीच्या घरात, आपल्या मरणाने मेला. साळुंकीताई, तुमच्या शोनिबारेने राजेलोकांची मुंडकी उडवली, त्याच्या आधी चारशे वर्षं बादशहाने आमच्या माणसाचं कागदावर उडवलं होतं.

डाकारच्या पोराला मलिक अंबर ठाऊक, आणि आमच्या शाळेत तो एका ओळीत संपला. शहाजीराजे भातवडीला १६२४ मध्ये त्याच्याच बाजूने लढले, तेवढ्यापुरता. बाकी शहराला पाणी देणारी नहर आणि पाणचक्की.

बखरवाचक

पाणचक्की अंबरची नाही. त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी झाली. नहर-ए-अंबरी वेगळी.

खडकीकर

मान्य. म्हणून तर म्हणतोय, शाळेत नीट शिकवलं नाही.

चित्रकथी

अंबर निघाला म्हणून. त्याचं मूळ नाव चापू असं सांगतात. ‘अंबर’ हे मालकाने ठेवलेलं. गुलामांना सुगंधी नाहीतर मौल्यवान वस्तूंची नावं देण्याची रीत होती: अंबर, याकूत, म्हणजे माणिक.

लुबैना हिमिदचं २००४ सालचं एक काम आहे, ‘नेमिंग द मनी’. ती झांझिबारमध्ये १९५४ साली जन्मली, इंग्लंडमध्ये वाढली, २०१७ मध्ये टर्नर पारितोषिक, ब्रिटनमधलं कलेचं मोठं बक्षीस, मिळालं. हे पारितोषिक मिळवणारी पहिली काळी स्त्री. या कामात माणसाच्या उंचीच्या शंभर लाकडी आकृत्या दालनभर उभ्या आहेत. युरोपच्या दरबारांतले आफ्रिकन नोकर: ढोलकी वाजवणारे, कुत्री सांभाळणारे, चपला शिवणारे, नकाशे काढणारे. प्रेक्षकाने त्यांच्या गर्दीतून वाट काढायची. प्रत्येकाच्या पाठीवर चार-पाच ओळी: माझं नाव हे, मला हाक मात्र या नावाने मारतात, पूर्वी मी हे करायचो, आता हे करतो, पण माझ्याकडे अजून अमुक एक आहे. शेवटच्या ओळीत दरवेळी काहीतरी छोटं उरलेलं. आकाश, गाणं, असं.

खडकीकर, तुमच्या चापूकडे काय उरलं असेल?

खडकीकर

नहर. विनोद नाही करत.

सदाशिवगडकर

आमच्याकडचं कुणी कसं आठवलं नाही? यल्लापूर, हल्याळ, अंकोल्याच्या जंगलात सिद्दी लोक राहतात. पूर्वज बरेचसे पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले गुलाम, तिथून निसटून घाट चढलेले. घरी बोलतात ती भाषा कोंकणीच्या जवळची, त्यामुळे कारवारच्या बाजारात आमचं त्यांचं दराचं भांडण व्यवस्थित होतं.

त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला ‘कवंद’ म्हणतात. खाली जुनी साडी, वर जुन्या कपड्यांचे तुकडे, कडेपासून सुरुवात करून टाके घालत आत मध्यापर्यंत यायचं. आणि चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या त्रिकोणी तुकड्यांची ‘फुला’ लावायची. फुलाशिवाय कवंद म्हणजे उघडीनागडी, असं त्या म्हणतात. हेन्री ड्र्यूअल नावाच्या अमेरिकन कला-अभ्यासकाने त्यांच्यावर बराच अभ्यास केला आणि २०११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हार्लेमच्या शोम्बर्ग केंद्रात ही कवंदं भिंतीवर लागली. आमच्या शेजारणीकडे अशीच एक होती, मांजर झोपायचं तिच्यावर.

अण्णा, इथे कुणी ओळख विकायला काढलेली नव्हती. थंडी वाजत होती.

मुळशीची_मावशी

आता माझा विषय आला. आमची वाकळही कडेनेच सुरू होते. उन्हात सतरंजीवर चौघी चार बाजूंना, धावदोरा घालत घालत मध्यात भेटायचं. मध्यात आलं की गुडघे एकमेकींना लागतात आणि कुणाची सुई कुणाला टोचते त्यावरून हसाहशी. पण कोपऱ्याला आम्ही काही लावत नाही. कोपरा मोकळाच, रात्री दोन बोटांत धरून नवऱ्याच्या अंगावरून ओढून घ्यायला. तेव्हा ते फुला त्यांचं स्वतःचं. उगाच सगळं आपल्याकडूनच गेलं म्हणू नका कुणी.

सदाशिवगडकर, फुलाचा जवळून फोटो मिळेल का? घडी आधी घालायची का टाका आधी?

सदाशिवगडकर

घडी आधी, बहुतेक. दिवाळीत गावी जाणार आहे, विचारून सांगतो.

अरसिक_अण्णा

थंडीचा मुद्दा पोचला. बोलिंगची चित्रं काल रात्री दीडपर्यंत बघत बसलो होतो, बायको ओरडली. तरीही माझी एक तक्रार कायम आहे. एवढा मोठा धागा झाला, पण ते जहाज बाटलीत घातलं कसं हे एकानेही सांगितलेलं नाही.

साळुंकी

अण्णा 😄 आईचा पहिला प्रश्न तोच होता.

खडकीकर

रविवारी मुद्दाम खुलताबादला जाऊन आलो. अंबरचा मकबरा, शेजारी बायकोचा, सिद्दी करीमाचा, लहान. गर्दी नव्हतीच. एक चाचा शेळ्या घेऊन सावलीला बसले होते. त्यांना मोबाइलवर डिओपचा फोटो दाखवला आणि सांगितलं, हा मलिक अंबर. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितला, दोन बोटांनी मोठा करून बघितला.

“कपडे अच्छे हैं,” म्हणाले. “लेकिन ये तो जवान है. अपना अंबर बुढ्ढा था.”

मग मकबऱ्याकडे बोट करून विचारलं, ये लडका इधर आया था क्या कभी? मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, बुलाव उसको.